उपकारस्तुतीच्या यादीत

बाजरी कापायला दोन हात लागतात. उजव्यात विळा आणि डाव्यात ताटांची मूठ. शेवंताच्या डाव्या हाताची मूठ वळत नव्हती. वैशाखात छातीचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तो खांद्यापासून बोटांपर्यंत सुजत गेला होता. लग्नातली चांदीची पाटली शेवटी कानशीनं कापून काढावी लागली. आता ती ताटं गुडघ्यानं आडवी दाबायची, वाकायची आणि बुडातून विळा ओढायची. जिथं एका हिसक्याला मूठ निघायची तिथं तीन ताटं निघत होती. कंबरेतून कळ आली की विळा टेकवून उभी राहायची, आणि उभी राहिली की समोर नव्या कॉलनीची पाटी दिसायची.

पाटीवर इंग्रजीत काहीबाही लिहिलं होतं आणि खाली एक गोरंगोमटं कुटुंब हिरवळीवर हसत बसलं होतं. फरीदाबादच्या कडेच्या या गावात असली माणसं कुणी कधी पाहिली नव्हती, पण जमीन घेतली होती ती त्यांच्यासाठीच. चहूकडं चुना मारलेले दगड पुरले होते. रस्ता कुठून जाणार, गटार कुठून जाणार, सगळं ठरलं होतं. मधोमध शेवंताची पाऊण बिघा बाजरी तेवढी उभी होती आणि सोमवारी तिच्यावरून मशीन फिरणार होतं. ज्यांची जमीन त्यांना सरकारी पत्र आलं, मोबदला आला, मोबदल्यातून जीप आली आणि जीपमधून दारू आली. अर्ध्या वाट्यानं कसणाऱ्या बाईला पत्र कोण लिहितो? जमीनवाल्याच्या पोरानं मोटरसायकल न थांबवता ओरडून सांगितलं होतं, "आंटी, सोमवार को जेसीबी आवेगी!" झाली नोटीस.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, कापणीचा सण होता.

"ए सेवंती! खेत काट रही है के नाई की तरह हजामत बना रही है?"

बांधावर भरतो बसली होती. त्या मोटरसायकलवाल्याची आजी. सत्तरीला टेकलेली विधवा, हातात काठी, तोंडात शिवी. जमीन गेली तशा नातवांनी म्हशी विकल्या, गोठा पाडून तिथं जीप उभी केली आणि म्हातारीला काम उरलं नाही. सवयीनं ती रोज बांधावर येऊन बसायची आणि उरलेल्या एकुलत्या बाजरीवर नजर ठेवायची, जणू ती कोण चोरून नेणार होतं.

"एक हाथ से जितना होता है उतना कर रही," शेवंता म्हणाली.

"तो दूसरा के मायके भेज रखा है?"

शेवंताला हसू आलं आणि हसताना काखेत सुरी फिरल्यासारखं झालं. ती खाली बसली.

अठरा वर्षं त्या दोघी एकमेकींशी असंच बोलत आल्या होत्या. शेवंताचा नवरा गुणवंत भिंगारदिवे नगरकडून फिटर म्हणून फरीदाबादला आला, ट्रॅक्टरचे भाग करणाऱ्या कारखान्यात लागला आणि गावात खोली घेऊन राहिला. त्र्याण्णव साली कारखान्याला टाळं लागलं. बाहेरचा माल स्वस्त येतो म्हणाले. गुणवंतनं भरतोच्या घरची ही जमीन अर्ध्यानं घेतली आणि नगरची बाजरी पेरली. तिसऱ्या वर्षी छातीत कळ येऊन तो याच बांधावर पडला, तो उठलाच नाही. मुलगा श्याम पुण्यात नोकरीला होता. महिन्यातून एकदा एसटीडी बूथवर त्याचा फोन यायचा. "आई, तू इकडेच ये ना," तो म्हणायचा, आणि मग सुनेचा मागून काहीतरी आवाज यायचा, आणि मग तो म्हणायचा, "बघू, दिवाळीनंतर." कोणत्या दिवाळीनंतर ते त्यानं कधी सांगितलं नाही.

अठरा वर्षांत भरतोनं शेवंताच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. शेतावर येताना स्वतःचा लोटा घेऊन यायची. ईसाई म्हणजे कोण हे तिला नीट ठाऊक नव्हतं, पण ईसाई व्हायच्या आधी ही कोण असेल हे तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. त्या बाबतीत गावं सगळीकडं सारखीच हुशार असतात.

भरतो उठून जवळ आली, थांबली, आणि नाक वर करून हवा हुंगली.

"के मर गया है यहाँ?"

शेवंतानं पदर ओढून घेतला.

"कुछ नहीं."

"कुछ नहीं? चालीस बरस भैंस पाली है मन्ने. सड़े हुए घाव की बास मुझे मत सिखा."

शेवंता उठली, विळा उचलला आणि पाठ फिरवून कापायला लागली.  भरतो काठी आपटत निघून गेली.

शुक्रवारी चुन्याच्या दगडांमधून एक पांढरी मारुती गचके खात आली. अलकनंदा साळवे उतरली. तिचे यजमान विनायक साळवे केंद्र सरकारात मोठ्या हुद्द्यावर, लक्ष्मीबाई नगरातल्या क्वार्टरमध्ये राहणारे आणि दिल्लीतल्या मराठी ख्रिस्ती मंडळीचे सेक्रेटरी. महिन्यातून एकदा रविवारी दुपारी, मोठ्या चर्चचा मागचा हॉल रिकामा असेल तेव्हा, ही साठ-सत्तर माणसं मराठीत उपासना करायची.

"सलाम, शेवंताबाई!"

"सलाम, बाई."

"अय्या, अजून उभी आहे का बाजरी? मी म्हटलं झाली असेल कापून. आमची पेंढी तयार आहे ना?"

पेंढीचं असं होतं. कापणीच्या सणाला ज्यानं त्यानं आपल्या शेतातलं पहिलं पीक देवापुढं आणायचं, ही नगरकडच्या चर्चची जुनी रीत. दिल्लीत शेत कुणाचं? साहेबलोक बाजारातून सफरचंदं आणि अननस आणायचे, अननसावर अजून दुकानाची चिठ्ठी असायची. खरी पेंढी एकट्या शेवंताची. ती वेदीच्या पुढं मधोमध उभी करायचे, मुलांना तिच्याजवळ उभं करून फोटो काढायचे आणि सांगायचे, बघा बेटा, ये बाजरा है, अपने गाँव में होता है. वर्षातून तो एक दिवस शेवंताचा मान असायचा. बाकीचे अकरा महिने मागची खुर्ची.

"आणि साक्ष तयार केलीत ना?" अलकनंदानं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "यादीत बघा, तुमचं नाव सगळ्यात वर टाकलंय. बिल्कुल घाबरू नका. दोन मिनिटं बोलायचं, देवानं मला कसं बरं केलं ते. लोकांचा विश्वास वाढतो. ह्यांनी त्या दिवसासाठी दहा कोडी माणसांचा, कुष्ठरोग्यांचा, बायबलातला उतारा काढलाय, तुमच्यासाठीच म्हणा ना."

शेवंतानं कागद घेतला. त्यावर दोन याद्या होत्या. वर 'उपकारस्तुती', खाली 'आजारी व दुःखी यांच्यासाठी प्रार्थना'. वैशाखात तिचं नाव खालच्या यादीत होतं. तेव्हा काय माणसं आली होती! अलकनंदा स्वतः खिमट घेऊन आली. मंडळीतल्या पुण्यामुंबईकडच्या सुना, ज्यांनी तिच्याकडं कधी मान वळवून पाहिलं नव्हतं, खाटेच्या कडेला गुडघे टेकून रडल्या. एकीनं तिला मिठी मारली. मग टाके निघाले, आणि कुणीतरी नाव खालून उचलून वर घातलं. उपकारस्तुती. प्रभूनं बरं केलं. काम झालं. त्या दिवसापासून तिच्या दाराला कुणाची सावली लागली नाही. बऱ्या झालेल्या माणसाकडं कोण कशाला जाईल?

श्रावणात ती एकटीच दोन बस बदलून दिल्लीच्या मोठ्या इस्पितळात गेली. सकाळी सहाला रांगेत उभी राहिली, दीडला आत गेली. पोरसवदा डॉक्टरणीनं फोटो उजेडाला धरला. "अम्मा, साथ में कौन है?"

"कोई नहीं. आप बोलो."

डॉक्टरणीनं सांगितलं. गाठ परत आली, काखेत आली, हाडात उतरली. आता कापण्यात अर्थ नाही.

हे तिनं मंडळीत कुणाला सांगितलं नव्हतं. का, ते ती स्वतःला खोटं सांगायची. लोकांना त्रास नको, म्हणायची. खरं असं होतं की तिला वर गेलेलं नाव खाली आणायची लाज वाटत होती. जणू तिनं परीक्षेत नापास होऊन सगळ्या वर्गाची मान खाली घातली असती. आणि ती मिठी. ती खोटी ठरली असती.

"बाई," शेवंता म्हणाली, "माझी तब्येत..."

"होय हो, अशक्तपणा राहतोच," अलकनंदा म्हणाली. वाऱ्याची झुळूक आली तसा तिनं रुमाल नाकाला लावला. "इथं किती वास येतो ना? गटार फोडलंय वाटतं कुठे. चला, निघते मी. संडे, दुपारी तीन. पेंढी जरा मोठी बांधा."

गाडी गेली. शेवंता कागद हातात धरून उभी राहिली. गटाराला अजून वेळ होता. गटाराच्या जागी अजून नुसता दगडच होता.

श्रावणापासून तिनं जेवणाआधीची प्रार्थना सोडली होती. पन्नास वर्षांची सवय. ताटावर डोळे मिटायचे, या अन्नाबद्दल उपकार मानायचे आणि मगच घास घ्यायचा. आता ती भाकरी पुढ्यात घ्यायची आणि उघड्या डोळ्यांनी खायची. कसले उपकार? दुपारी एकटीनं भिंतीकडं बघत शिळी भाकरी खायची, जखमेचं पाणी चोळीतून गळायचं, माशा बसायच्या, एका हातानं पट्टी बांधताना दातात टोक धरावं लागायचं. एकदा ती मोठ्यानं म्हणाली होती, "प्रभू, येत असशील तर ये. न्हाईतर मला ने. मधी लटकवू नगंस." कुणी आलं नाही. कुणी नेलंही नाही.

शनिवारी दुपारी दार काठीनं ढकललं गेलं. भरतो. एका हातात अॅल्युमिनियमचं पातेलं, त्यात कडुलिंबाचा पाला उकळून काळंहिरवं झालेलं पाणी. बगलेत धुतलेल्या जुन्या धोतराच्या चिंध्या.

"चोळी उतार."

"भरतो, जा तू. तुझसे नहीं देखा जाएगा."

"मन्ने कीड़े पड़े खुर धोए हैं, उँगली डाल-डाल के. तू के महारानी है? उतार."

शेवंता हलली नाही. भरतोनं पातेलं खाली ठेवलं, दाराला कडी घातली आणि स्वतःच गाठी सोडायला लागली. चिकटलेली पट्टी निघेना. तिनं ती पाण्यानं भिजवली, थांबली, पुन्हा भिजवली. पट्टी निघाली तशी म्हातारीच्या तोंडातून शिव्यांची माळ सुटली. डॉक्टरला, सरकारला, पुण्यातल्या पोराला, मारुतीत बसून येणाऱ्या बायांना आणि शेवटी शेवंताला.

"हरामण! इतने दिन? इतने दिन से यह लेके बैठी थी? मुँह में जुबान ना थी?"

पाणी कोमट होतं. चिंधी बुडवायची, पिळायची, कडेनं पुसत आत यायचं. म्हातारीचे हात खरखरीत होते, पण कुठं दाबायचं आणि कुठं नुसतं टेकवायचं ते त्यांना कळत होतं. जनावर बोलत नाही, त्याचं दुखणं बोटांनीच ऐकावं लागतं. शेवंतानं आधी दात आवळले होते. मग दात सुटले. मग ती भिंतीला टेकली.

"तेरा ईसा तो कोढ़ियों को ठीक करता था ना? तू ही बताती थी."

"हाँ. दस कोढ़ी थे. दसों को ठीक किया. एक वापस आया शुक्रिया बोलने. बाकी नौ नहीं आए."

"और जो ठीक ना हुआ, वो?"

"दसों हुए."

"अरी, गाँव में दस ही थे के?" भरतो चिंधी पिळत म्हणाली. "कोई तो होगा जो उस दिन घर पड़ा होगा. चल ना सका होगा. उसका के हुआ?"

 पन्नास वर्षं तो उतारा ऐकला, पण घरी पडून राहिलेल्याबद्दल कुणी पाळकानं कधी विचारलं नव्हतं.

भरतोनं कोरडी चिंधी गुंडाळून दिली, पातेलं उचललं.

"पानी पिएगी?" शेवंतानं सवयीनं विचारलं.

"तेरे घर का? ना री," भरतो सवयीनंच म्हणाली आणि गेली.

शेवंता आडवी झाली. किती आठवड्यांनी कूस बदलता आली. ती झोपली, आणि जागी झाली तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरली होती. भूक लागली होती. तिनं टोपल्यातली भाकरी घेतली, मीठ-मिरची घेतली आणि घास तोडायच्या आधी डोळे मिटले. मिटायचे म्हणून मिटले नाहीत, आपोआप मिटले. शब्द काही आले नाहीत. ओठ तेवढे हलले. कुणीतरी आलं होतं. शिव्या देत आलं होतं, पाणी न पिता गेलं होतं, पण आलं होतं. तिच्या गालावरून पाणी आलं आणि भाकरीवर पडलं. भाकरी तशीच खाल्ली.

मग ती शेतावर गेली. गुडघ्याखाली ताटं दाबून तिनं चांगली टपोरी कणसं निवडून कापली आणि एका हातानं, दातांनी गवताच्या दोरीचं आळं ओढून, पेंढी बांधली. मोठी नाही झाली.

रविवारी हॉल भरला होता. वेदीपुढं सफरचंदं होती, अननस होते, कुणी चक्क किवी आणले होते. मधोमध पेंढी. साळवेसाहेबांनी दहा कोडी माणसांवर अर्धा तास सांगितलं. कृतज्ञता हा फार चांगला गुण आहे, म्हणाले. ऑफिसमध्येसुद्धा उपयोगी पडतो. मग यादी काढली.

"आता आपल्या शेवंताबाई. प्रभूनं त्यांना महाभयंकर दुखण्यातून बरं केलं. या बाई."

शेवंता पुढं गेली. पेंढीच्या बाजूला उभी राहिली, म्हणजे तिला धरता येईल.

"सलाम मंडळी," ती म्हणाली. "यादीत माझं नाव वर हाय. ते चूक हाय. चूक माझीबी हाय. श्रावणातच डाक्टरणीनं सांगितलं, गाठ परत आली. हाडात गेली. मी आता बरी व्हायची न्हाई. तुमाला सांगितलं न्हाई, कारण वैशाखात तुमी मला मिठ्या मारल्या. अठरा वर्षांत पयल्यांदा. त्या परत घ्याल असं वाटलं."

पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलं.

"नाव वर गेलं आन् तुमी यायचे थांबला. ते सांगून झालं. आता साक्ष. साहेबांनी सांगितलं, दहा बरे झाले, एकच उपकार मानाया आला. मी त्या दहातली न्हाई. मी घरी पडलेली. माझ्याकडं कुणी बघितलंबी न्हाई असं मी म्हणत होते. जेवताना डोळे मिटत नव्हते मी. मग काल एक बाई आली. आपल्या धर्माची न्हाई. माझ्या घरचं पाणी पीत न्हाई, कालबी प्याली न्हाई. तिनं माझं सडलेलं अंग धुतलं. तिचं नाव भरतो. मी झोपले काल दुपारी. दोन तास. त्याबद्दल मी देवाचे उपकार मानते. बऱ्या झाल्याबद्दल मानायचे असते, तर मला आज खोटं बोलावं लागलं असतं. हे खरं हाय. आमेन."

कुणी आमेन म्हटलं नाही. साळवेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "आपण... गीत घेऊ," ते म्हणाले. माणसं उठली, स्तुतीला दोन्ही हात वर झाले. शेवंताचा एकच गेला.

सणानंतर पेंढी कुणीतरी घरी न्यायचं, दारावर टांगायचं, अशी रीत. यंदा सफरचंदं गेली, किवी गेले, पेंढी तिथंच राहिली. शेवंतानं ती उचलून खांद्यावर घेतली. बसस्टॉपपर्यंत आली तेव्हा मागून अलकनंदा धावत आली. धाप लागली होती.

"सांगायचं नाही का आधी? तीन महिने आम्ही देवाला थँक यू म्हणतोय! लोकांना काय वाटलं असेल? ह्यांचा चेहरा पाहिलात?" मग हळूच म्हणाली, "मला सांगायचं होतंत हो. निदान मला."

"परवा सांगणार होते बाई. गटाराचा वास आला तवा."

अलकनंदानं तोंडाला रुमाल लावला. वासासाठी की कशासाठी, शेवंतानं पाहिलं नाही. बस आली होती.

गावात पोहोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. शेतात पाहिलं तर बाजरी नव्हती. नुसते बुडखे.  मशीन उद्या येणार होतं ना? मग शेताकडेच्या आपल्या खोलीच्या छपरावर नजर गेली. पेंढ्या रचून ठेवल्या होत्या, वेड्यावाकड्या, दोऱ्यानं बांधलेल्या. दारात भरतो बसली होती. तिच्या तळव्यांना विळ्यानं फोड आले होते.

"दस दिन में काट ना सकी तू. मन्ने एक दिन में निपटा दी," ती म्हणाली. "यह वापस क्यों लाई? तेरे भगवान को पसंद ना आई?"

"लोगों को."

चुलीवर पातेलं उकळत होतं. भरतोनं ते उतरवलं, चिंध्या काढल्या. "वहाँ के बोली?"

"सच बोली. और तेरा नाम लिया."

भरतोचा हात थांबला.

"मेरा नाम? गिरजे में? सबके सामने?"

"हाँ. शुक्रिया बोला."

"तेरा सत्यानाश हो!" म्हातारी काठी टेकून उभी राहिली. "मुझसे पूछा था? मेरे पोतों के कान में पड़ी तो? गाँव कहेगा बुढ़िया ईसाइन हो गई. मुझे आग कौन देगा, तेरा ईसा? अरी, धोया था तो धोया था. ढोल पीटने को किसने कहा था?"

 तिच्याकडं देण्यासारखी एकच गोष्ट होती, ती तिनं देऊन टाकली होती, आणि ती चुकीच्या घरी जाऊन पडली होती.

भरतो दाराशी गेली. उंबऱ्यावर थांबली. बाहेर चुन्याच्या दगडांपलीकडं ट्रकवरून मशीन उतरवत होते, त्याचे दिवे भिंतीवरून फिरून गेले. म्हातारी बराच वेळ तिकडं बघत राहिली, जिथं तिच्या सासऱ्याची जमीन होती. मग तिनं दार लावलं, कडी घातली आणि पातेल्यात बोट घालून पाहिलं.

"ठंडा हो रहा है," ती म्हणाली. "हाथ ऊपर कर."

शेवंतानं प्रयत्न केला. हात गेला नाही.

भरतोनं तो कोपराखालून उचलला, पाण्यानं भरलेल्या घागरीसारखा जपून, आपल्या खांद्यावर ठेवला, आणि शिव्या देत देत पट्टी सोडायला लागली.